पाठ वाकली की पोटाला जागा उरत नाही

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्यासह बहुतेक दैनिकांच्या आरोग्य पानांवर गॅस, ॲसिडिटी आणि बद्धकोष्ठतेवरचे उपाय नेमाने छापून येतात. सकाळी कोमट पाणी, जेवणानंतर ओवा, चिमूटभर खायचा सोडा, रोज पवनमुक्तासन. धडधाकट माणसाला त्यातले बरेचसे चालून जातात. पण पाठीला मोठा बाक आलेल्या, कुबड आलेल्या वृद्धांना ते लागू पडत नाहीत आणि त्यातले काही तर घातक ठरतात. खान्देशात असे एखादे आजी किंवा आजोबा नाहीत असे गाव सापडणार नाही. 'पोट फुगस, घास उतरत नही, माले भूकच लागत नही' ही त्यांची तक्रार घरात रोज ऐकू येते आणि 'वयच झालं' म्हणून सोडून दिली जाते. ही तक्रार वयाची नाही, तिच्यामागे ठोस कारण आहे आणि तिच्यावर करण्यासारखे पुष्कळ आहे, म्हणून हे पत्र.

साठीनंतर, त्यातही पाळी जाऊन बरीच वर्षे झालेल्या बायकांमध्ये, हाडे ठिसूळ होत जातात. ठिसूळ मणका पुढच्या बाजूने चेपतो. मागची उंची तशीच राहते, पुढची कमी होते आणि असे दोन-तीन मणके चेपले की पाठ पुढे झुकते. छातीच्या मधले आणि छाती संपून कंबर सुरू होते तिथले मणके जास्त चेपतात. त्यासाठी पडावेच लागते असे नाही. भरलेली कळशी उचलली, कापसाचे गाठोडे डोक्यावर घेतले, खोकल्याची जोराची उबळ आली, एवढेही पुरते. चेपलेल्या मणक्यांपैकी साधारण दोन तृतीयांश त्या वेळी ओळखूच येत नाहीत. 'उसण भरली' म्हणून तेल चोळले जाते, काही आठवड्यांत दुखणे ओसरते, बाक मात्र कायमचा राहतो. काहींची कंबर झिजून पाठ बाजूला वाकते, त्यांनाही पुढे सांगितलेले बरेचसे त्रास होतात. मात्र एकाच जागी टोकदार कुबड आले असेल, सोबत संध्याकाळचा ताप, रात्रीचा घाम आणि घटणारे वजन असेल, तर आधी मणक्याचा क्षयरोग तपासायला हवा. तो औषधांनी बरा होतो, पण वेळ दवडला तर पाय लुळे पडू शकतात.

आता पोटाकडे येऊ. पाठ सरळ असते तेव्हा सर्वांत खालची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्यामध्ये मोकळी जागा असते. वृद्धांना उभे करून, त्यांच्या मागे उभे राहून, कुशीत या दोन हाडांमध्ये आपली बोटे आडवी घालून पाहा. दोन बोटे किंवा त्याहूनही कमी मावत असतील तर कमरेचे मणके चेपले असण्याची शक्यता बरीच आहे. बाक फार वाढला की बरगडी कमरेच्या हाडावर चक्क टेकते, घासते. कुशीतल्या त्या दुखण्याला कोणी मूतखडा म्हणतो, कोणी गॅस.

जठर, आतडी, यकृत हा सगळा ऐवज तेवढाच राहतो, त्याला ठेवायची पेटी मात्र आखूड होते. मग तो ऐवज दोन वाटांनी सरकतो. एक वाट पुढची. पोट पुढे येते आणि घरचे म्हणतात, 'आजींचं पोट सुटलं, जेवण कमी करा.' इथे पहिली मोठी चूक होते. हातापायांच्या काड्या झालेल्या असतात, दंडाची कातडी लोंबत असते आणि त्याच बाईचे जेवण आपण कमी करतो. पोट पाहून ठरवू नका, वजनकाटा पाहा. सहा महिन्यांत वजन ५ टक्के घटले, म्हणजे ४५ किलोच्या बाईचे सव्वादोन किलो कमी झाले, तर ती गंभीर बाब आहे.

दुसरी वाट वरची. छाती आणि पोट यांच्यामधल्या पडद्याला अन्ननलिका जाण्यासाठी एक भोक असते. खालून दाब वाढला आणि वयाने ते भोक सैल झाले की जठराचा वरचा भाग त्यातून छातीत सरकतो. यालाच हायटस हर्निया म्हणतात. कुबड असलेल्या वृद्धांत तो अधिक आढळतो आणि मोठाही असतो. जठराचे तोंड मिटून धरणारी झडप मग नीट काम करत नाही. आंबट पाणी घशाशी येते, छातीत जळजळते, आडवे झाले की कोरडा खोकला येतो, सकाळी आवाज बसलेला असतो, चार घासांत पोट भरल्यासारखे वाटते, जेवल्यावर दम लागतो. पडद्याच्या कडेवर जठर सतत घासत राहिले तर तिथे चरे पडतात आणि त्यांतून रक्त थेंब थेंब झिरपते. हे रक्त दिसत नाही. हिमोग्लोबिन सारखे ७-८ वर येते, लोहाच्या गोळ्यांनी वर चढते, पुन्हा उतरते. कुबड असलेल्या वृद्धाला असा वारंवार रक्तक्षय होत असेल तर एंडोस्कोपी करून घ्यावी आणि हे चरे शोधण्याबद्दल डॉक्टरांना आवर्जून विचारावे. 'सोनोग्राफी नॉर्मल आली' यावर समाधान मानू नका, कारण पोटाच्या नेहमीच्या सोनोग्राफीत हा हर्निया सहसा दिसत नाही. मोठा असेल तर छातीच्या साध्या एक्स-रेत हृदयाच्या मागे हवेची पोकळी दिसते. बेरियम पाजून काढलेल्या फोटोत तो स्पष्ट कळतो. एंडोस्कोपीला जाताना पाठीचा बाक आधीच सांगावा, म्हणजे कुशीवर झोपवताना उशांचा नीट आधार देता येतो.

प्रत्यक्षात होते असे, की पाठ दुखते म्हणून औषधाच्या दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा ॲसिक्लोफेनॅकची गोळी येते. तिने पोट जळते, म्हणून पँटोप्राझोलची गोळी येते. गोळ्यांनी मलावरोध होतो, म्हणून चूर्ण येते. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी ही गत. दाहशामक वेदनानाशके म्हाताऱ्या जठराला व्रण पाडतात आणि मूत्रपिंडही बिघडवतात. दुखणे सहन होत नसेल तर पॅरासिटामॉल हे पहिले औषध, ५०० मिलिग्रॅमच्या गोळ्या, किती आणि किती वेळा ते वजन आणि यकृत पाहून डॉक्टर सांगतील. ट्रामाडॉल जठराला व्रण पाडत नाही, पण मलावरोध जबरदस्त करते. ते सुरू झाले त्याच दिवशी पोट साफ होण्याचे औषधही सुरू व्हायला हवे.

आणि बाजारात, यात्रेत मिळणारी 'गठियाची पुडी'. दोन दिवसांत सांधे मोकळे करणाऱ्या बिननावाच्या पुडीत स्टेरॉइड मिसळलेले असण्याची दाट शक्यता असते, असे नमुने आपल्या देशात अनेकदा सापडले आहेत. स्टेरॉइडने हाडे आणखी ठिसूळ होतात, व्रण पडतात, साखर वाढते. पुडी वर्षानुवर्षे चालू असेल तर ती एकदम तोडूही नये, रक्तदाब घसरून माणूस कोसळू शकतो. डॉक्टरांना ती पुडी दाखवून हळूहळू बंद करावी. लाजेपोटी पुडीचे नाव लपवणे फार महागात पडते.

पँटोप्राझोलसारखी आम्ल कमी करणारी गोळी घ्यायची तर ती नाश्त्याच्या अर्धा तास आधी. जेवल्यावर घेतली तर निम्मे काम वाया जाते. वर्षानुवर्षे घेतल्यास बी-१२ आणि मॅग्नेशियम कमी होऊ शकते, हाडे मोडण्याचे प्रमाणही थोडे जास्त आढळले आहे. तरी मोठा हर्निया असलेल्याने, चरे असलेल्याने, किंवा हृदयासाठी रक्त पातळ करणारे औषध चालू असलेल्याने ती मनाने बंद करू नये. कॅल्शियम कार्बोनेटची गोळी पचायला आम्ल लागते, म्हणून ती जेवणाबरोबर घ्यावी. आम्ल कमी करणारी गोळी चालू असेल तर कॅल्शियम सिट्रेट बरे, त्याने मलावरोध होण्याचा त्रासही तुलनेने कमी असतो. ड जीवनसत्त्वाची ६०,००० युनिटची पुडी साधारणपणे आठवड्याला एक, आठ आठवडे, अशी देतात. 'ताकद येते' म्हणून ती महिनोन्महिने चालू ठेवली, वर इंजेक्शनेही घेतली, तर रक्तातले कॅल्शियम वाढून भूक मरते, उलट्या होतात आणि पोट घट्ट बसते. आपण बरे करायला निघालो तोच आजार त्या पुडीने होतो.

हाडांसाठी आठवड्यातून एकदा घेण्याची अलेंड्रोनेटची ७० मिलिग्रॅमची गोळी या वृद्धांसाठी विशेष जोखमीची आहे. ती उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर घेऊन अर्धा तास ताठ बसावे किंवा उभे राहावे लागते. चहाबरोबर चालत नाही, घेऊन आडवे होणे तर मुळीच नाही. गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे जखम होते. ज्यांना ताठ बसताच येत नाही, घास अडकतो किंवा मोठा हर्निया आहे, त्यांना ही गोळी देऊ नये. त्यांच्यासाठी शिरेतून वर्षातून एकदा ५ मिलिग्रॅम झोलेड्रोनिक ॲसिड हा पर्याय आहे, मूत्रपिंड ठीक असेल तर. सहा महिन्यांनी ६० मिलिग्रॅम डेनोसुमॅब हाही आहे, पण त्याची तारीख चुकवू नका. ते मध्येच सोडले तर मणके भराभर चेपतात.

जेवणाचे म्हणाल तर जागा कमी असलेल्या पोटात दोन वेळचे पोटभर जेवण मावत नाही. पाच-सहा वेळा थोडे थोडे, हाच नियम. पण थोडे म्हणजे निकस नव्हे. वृद्धांना वजनाच्या दर किलोमागे रोज १ ते १.२ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ४५ किलोच्या बाईला ४५ ते ५४ ग्रॅम. चहा-बिस्किटे आणि पातळ पेज यांतून ती मिळत नाहीत. सकाळी सात वाजता साय काढलेले पेलाभर दूध, त्यात दोन चमचे नाचणीचे पीठ शिजवून. दहाला एक उकडलेले अंडे, किंवा अंडे चालत नसेल तर मुगाच्या पिठाचे एक धिरडे. एक वाजता दादर म्हणजे रब्बी ज्वारीची अर्धी भाकरी वाटीभर घट्ट वरणात कुस्करून, सोबत मऊ शिजवलेली भाजी. चारला एक केळे, मूठभर शेंगदाण्याचा बारीक कूट आणि पुन्हा पेलाभर दूध. सहा-साडेसहाला मुगाची मऊ खिचडी आणि अर्धी वाटी दही. एवढ्यात ४५ ते ५० ग्रॅम प्रथिने आणि बऱ्यापैकी कॅल्शियम होते. वरणात किंवा भाजीत चमचाभर तिळाचा कूट घातला तर कॅल्शियमला आणखी हातभार लागतो. म्हशीच्या दुधाची साय काढायला सांगतो, कारण स्निग्धांश जठरात जास्त वेळ रेंगाळतो. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांना विचारूनच ठरवावे.

आपल्याकडची कळण्याची भाकरी पौष्टिक आहे, ज्वारी आणि उडीद यांचा मेळ उत्तम. पण कोरडी भाकरी आणि ठेचा हे जेवण या वृद्धांसाठी नाही. कोरडा घास वाकलेल्या अन्ननलिकेत अडकतो आणि तिखटाने सुजलेल्या जागेची आग होते. तीच भाकरी दुधात किंवा पातळ भाजीत भिजवून मऊ करावी. भरताचे वांगे तेलाचा तवंग न ठेवता, मिरची बेतानेच घालून केले तर चालते. शेवभाजी, डुबुकवडे, वरण-बट्टीवरचे तूप हे सणावारी दोन घास, दुपारी, रात्री कधीच नाही. आजोबांना आवडीचे तोडून टाकून त्यांची जेवणावरची वासनाच मरू देऊ नका, वेळ आणि माप बदला.

पाणी जेवणाबरोबर तांब्याभर पिऊ नये, दोन जेवणांच्या मध्ये घोट घोट प्यावे. दिवसाचे दीड लिटर तरी व्हायला हवे. हृदय किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर बंधन असेल तर ते पाळावे. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ अंशांवर जातो तेव्हा दीड लिटरही पुरत नाही, आणि याच दिवसांत मल दगडासारखा झालेले वृद्ध दवाखान्यात येतात. खायचा सोडा आणि फसफसणारी पावडर यांतून जठरात वायू तयार होतो, आधीच चेपलेले जठर आणखी फुगते. शिवाय त्यातल्या सोडियमने रक्तदाब वाढतो. तंबाखू आणि मिश्रीने जठराची झडप सैल पडते, हाडेही झिजतात. मिश्री दातांसाठी असते हा समज घरातल्या लेकीसुनांनीच मोडायला हवा.

जेवायला बसण्याची रीत फार महत्त्वाची आहे आणि तिच्याकडे कोणी पाहत नाही. जमिनीवर मांडी घालून, ताट खाली ठेवून जेवले की आधीच वाकलेली पाठ आणखी दुमडते आणि बरगड्या पोटात रुततात. पाठीला टेकू असलेली खुर्ची, तळपाय जमिनीला टेकलेले, आणि कोपरे ठेवता येतील एवढ्या उंचीचे टेबल हे उत्तम. कोपरांवर थोडा भार दिला की छाती वर उचलली जाते आणि जठराला जागा मिळते. खुर्ची-टेबल नसेल तर भिंतीला पाठ लावून बसवावे आणि ताट चौरंगावर ठेवावे. कुबड असलेल्या माणसाला समोर पाहण्यासाठी मान मागे करावी लागते. त्या स्थितीत गिळले तर घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून जेवताना टीव्ही उंचावर नको, बोलणाऱ्याने त्यांच्या नजरेच्या पातळीवर बसावे, आणि गिळताना त्यांनी हनुवटी किंचित खाली घ्यावी. पाणी पिताना वारंवार ठसका लागत असेल, किंवा जेवणानंतर आवाज ओला, घरघरता येत असेल, तर गिळण्याची तपासणी करून घ्यावी. अशा वृद्धांना होणारा न्यूमोनिया अनेकदा याच वाटेने येतो.

परकराची नाडी, धोतराची गाठ, पायजम्याचा नाडा हे पोटावर करकचून बांधलेले असतात. सुटलेल्या पोटावरून वस्त्र घसरू नये म्हणून ते अधिकच घट्ट ओढले जाते. पोटावर लाल वळ उठत असेल तर तो दाब जठराला वर ढकलतो आहे हे ओळखावे. रुंद इलॅस्टिकचा परकर, किंवा खांद्यावर पेलणारा झगा वापरावा. कंबरपट्ट्याचेही तेच. मणका नुकताच चेपला असेल तर डॉक्टरांनी सांगितलेल्या मुदतीपुरता पट्टा ठीक, पण तो जेवताना आणि जेवणानंतर तासभर सैल करावा. एरवी दिवसभर घट्ट पट्टा घालून बसणे पोटाला जाचक आहे. २०२४ मध्ये सुरू झालेल्या मुख्यमंत्री वयोश्री योजनेत ६५ वर्षांवरील पात्र वृद्धांना साहित्यासाठी एकदाच ३,००० रुपये मिळतात. त्या साहित्यात कंबरपट्टाही आहे आणि कमोड खुर्चीही. पाठीला मोठा बाक आणि पोटाचा त्रास दोन्ही असेल तर आमचे मत कमोड खुर्चीच्या बाजूने आहे.

झोपताना डोक्याकडची बाजू १५ ते २० सेंटीमीटर उंच हवी. ती लाकडी पलंगाच्या डोक्याकडच्या दोन पायांखाली विटा किंवा ठोकळे घालून करावी. दोन-तीन उशा रचल्या तर अंग कमरेत दुमडते आणि पोटावर दाब वाढतो, म्हणजे उलटाच परिणाम. पट्ट्यांची किंवा सुतळीची खाट मध्ये झोळ घेते, तिचे डोक्याकडचे पाय उंच करून काही मिळत नाही, शिवाय पाठीचा बाक रात्रभर वाढवला जातो. मानेखाली मात्र बाक भरून काढण्यापुरती उशी द्यावीच, नाहीतर डोके मागे लोंबते. डाव्या कुशीवर झोपल्याने आंबट पाणी वर येणे कमी होते. शेवटचा घास आणि झोप यांत तीन तासांचे अंतर ठेवावे.

मलावरोधाबद्दल थोडे अधिक लिहितो, कारण त्रास सर्वांत जास्त याचाच असतो. पोटाचे स्नायू आखूड आणि सैल पडल्याने कुंथायला जोर मिळत नाही. हालचाल कमी, पाणी कमी, त्यावर लोह, कॅल्शियम आणि वेदनाशामक गोळ्या. आणि जोर लावून कुंथले की तोच दाब जठराला छातीत ढकलतो, ठिसूळ मणक्यावरही येतो. संडास लांब किंवा अंधारात असेल तर बायका संध्याकाळनंतर पाणी पिणेच सोडतात, वेग दाबून धरतात. ही अडचण औषधाने सुटणार नाही, खाटेजवळ कमोड खुर्ची ठेवल्याने सुटते. खुर्चीवर बसल्यावर पायांखाली १५-२० सेंटीमीटर उंचीचा पाट घ्यावा, गुडघे कमरेपेक्षा वर यावेत. पुढे झुकायचे ते पाठ गोल करून नव्हे, खुब्यातून. वेळ सकाळच्या नाश्त्यानंतर वीस-तीस मिनिटांची, कारण जठरात अन्न पडले की मोठे आतडे आपोआप हलते.

इसबगोल एक ते दोन चमचे, पूर्ण पेलाभर पाण्यात, ढवळून लगेच प्यावे आणि वर आणखी पाणी प्यावे. कमी पाण्यात घेतले तर ते घशात किंवा अन्ननलिकेत फुगून बसते. ज्यांचा घास अडकतो त्यांना ते देऊच नये. त्यांच्यासाठी लॅक्टुलोजचे १५ ते ३० मिलिलिटर, किंवा पॉलिइथिलीन ग्लायकॉलची १७ ग्रॅम पावडर पेलाभर पाण्यात, हे अधिक सुरक्षित. पातळ औषधही ताठ बसूनच द्यावे. एरंडेल आणि सोनामुखीची चूर्णे अधूनमधून ठीक, रोज घेतल्यास शरीरातले पोटॅशियम घटते आणि अशक्तपणा वाढतो. एक फसवा प्रकार लक्षात ठेवा. पाच-सहा दिवस पोट साफ नाही आणि मग अचानक थोडे थोडे पातळ, नकळत कपड्यात होऊ लागते. याला जुलाब समजून ते थांबवायची गोळी दिली तर आतला खडा अधिकच घट्ट होतो. गुदद्वारापाशी अडकलेला खडा नर्स किंवा डॉक्टरांकडून काढून घ्यावा लागतो.

आता पवनमुक्तासनाविषयी. गुडघे छातीशी दाबून मान उचलणे म्हणजे ठिसूळ मणक्याच्या पुढच्या भागावर थेट भार. १९८४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ठिसूळ हाडांच्या बायकांचे व्यायामानुसार गट केले होते. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के बायकांचे मणके नव्याने चेपले, पाठ मागे ताणणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होते. अभ्यास लहान होता, बायका ५९च होत्या, पण फरक डोळे उघडणारा आहे. पश्चिमोत्तानासन, उठाबशांसारखे पोटाचे व्यायाम, वाकून केर काढणे, सगळे याच जातीचे. लांब दांड्याचा झाडू दिला तर आजी कामही करतील आणि पाठही वाचेल. पाठीवर लहान मुलाला उभे करून 'पाठ तुडवून' घेणे, कोणाकडून मणका 'बसवून' घेणे, हे कटाक्षाने टाळावे.

करायचे व्यायाम असे. भिंतीला टाचा, कंबर आणि जमेल तेवढी पाठ टेकवून उभे राहावे, खांद्यांची पाती मागे एकमेकांकडे आणून पाच आकडे मोजावेत, असे दहा वेळा, दिवसातून दोनदा. पाठीवर पडून, डोक्याखाली उशी ठेवून, कोपरे गादीत दाबून छाती वर काढायचा प्रयत्न करावा. तोल जात असेल तर उभ्याने करू नये, खुर्चीत बसून करावे. आणि पोटाने श्वास. बेंबीच्या वर हात ठेवून, नाकाने घेतलेल्या श्वासाबरोबर तो हात पुढे यायला हवा, पाच ते दहा मिनिटे, जेवणाआधी. याने झडपेभोवतीच्या पडद्याचा स्नायू बळकट होतो आणि जळजळ कमी होते. जुना बाक या व्यायामांनी पूर्ण जाणार नाही, पण थोडा कमी होतो, वाढायचा थांबू शकतो, आणि पोटाला दोन बोटांची जागा मिळाली तरी जेवणात फरक पडतो.

काही लक्षणांत मात्र घरी एक तासही थांबू नका. वरच्या पोटात तीव्र कळ, ओकाऱ्यांवर ओकाऱ्या पण बाहेर काहीच येत नाही, पोटाचा वरचा भाग टम्म फुगलेला, अशा वेळी छातीत सरकलेल्या जठराला पीळ बसलेला असू शकतो. त्याचा रक्तपुरवठा तुटला तर जठर सडते. हे ऑपरेशनचे काम आहे, म्हणून जिथे शल्यचिकित्सक आणि सीटी स्कॅन आहे अशा ठिकाणीच न्यावे, वाटेत पाणी किंवा सोडा देऊ नये. कॉफीच्या गाळासारखी उलटी, डांबरासारखे काळे, चिकट आणि उग्र वासाचे शौच ही रक्तस्रावाची खूण आहे. लोहाच्या गोळीनेही शौच काळसर होते, पण ते चिकट नसते. शौच आणि वायू दोन्ही बंद, सोबत पोट फुगणे आणि उलट्या, म्हणजे आतडे अडलेले असू शकते. आणि छातीत दुखून घाम फुटला तर कुबड आहे, हर्निया आहे, म्हणून ॲसिडिटीच असेल असे गृहीत धरू नये. आधी ईसीजी.

वजन झपाट्याने घटलेल्या वृद्धाला जेवल्यावर पित्ताच्या उलट्या होत असतील आणि डाव्या कुशीवर पडले की किंवा गुडघे पोटाशी घेतले की बरे वाटत असेल, तर आतड्याचा सुरुवातीचा भाग मोठ्या रक्तवाहिन्यांच्या बेचक्यात दाबला गेलेला असू शकतो. तिथे चरबीची गादी असते, ती वजनाबरोबर झिजते. हे दुर्मीळ आहे, सीटी स्कॅनमध्ये कळते, आणि पुष्कळदा वजन वाढवल्यावर सुटते. घटते वजन गांभीर्याने घ्या असे आम्ही वर लिहिले, त्याचे हेही एक कारण.

हर्निया दिसला म्हणजे ऑपरेशन हवेच असे नाही. त्रास नसलेल्या ऐंशीच्या माणसात लक्ष ठेवणे हाही योग्य निर्णय असतो. वारंवार रक्तक्षय, घास अडकणे, पीळ पडल्याची शंका, यांत मात्र शल्यचिकित्सकांचे मत घ्यावे. पाठीचा बाक कायम राहिला तर ऑपरेशननंतरही हर्निया पुन्हा होण्याची शक्यता राहते, हे आधीच विचारून घ्यावे.

आमची एक मागणी आरोग्य यंत्रणेकडे आहे. प्राथमिक आरोग्य केंद्रात वृद्धांचे वजन होते, रक्तदाब होतो, उंची मात्र मोजली जात नाही. भिंतीवर चिकटवलेली पट्टी एवढाच त्याला खर्च. तरुणपणीच्या उंचीपेक्षा ४ सेंटीमीटरहून अधिक घट असेल तर मणक्याचा एक्स-रे काढावा. तरुणपणीची उंची ठाऊक नसेल तर दोन्ही हात आडवे पसरून एका मधल्या बोटाच्या टोकापासून दुसऱ्यापर्यंतचे अंतर मोजावे, ते जवळपास तेवढेच भरते. वृद्धांसाठीचा राष्ट्रीय आरोग्य कार्यक्रम २०१०-११ पासून आहे, जिल्हा रुग्णालयात वृद्धांचा कक्ष आणि भौतिकोपचार त्यात धरलेले आहेत. पोटाच्या तक्रारीसाठी आलेल्या वाकलेल्या माणसाला तिथवर पाठवले जावे.

घरच्यांनी दवाखान्यात जाताना कागदावर लिहून न्यावे: आताचे वजन आणि सहा महिन्यांपूर्वीचे, किती घासांत पोट भरते, शौचाला किती दिवसांनी होते, आणि चालू असलेली प्रत्येक गोळी, चूर्ण, पुडी, दुकानातून आणलेलीसुद्धा. शक्यतो पिशवीच घेऊन जावी.

आपल्या वृत्तपत्राकडेही एक विनंती. यापुढे आरोग्य पानावर पवनमुक्तासनाचे किंवा पुढे वाकण्याच्या कुठल्याही आसनाचे चित्र छापाल तेव्हा त्याखाली एवढी ओळ जरूर द्यावी: 'पाठीला बाक आलेल्यांनी, उंची कमी झालेल्यांनी आणि हाडे ठिसूळ असलेल्यांनी हे आसन करू नये.'

आपले,
वृद्धांच्या आजारांवर काम करणारे काही डॉक्टर, भौतिकोपचारतज्ज्ञ व आहारतज्ज्ञ
जळगाव, धुळे, नंदुरबार